काळी चार कुठे गेली? एका भजनाच्या फाइलचं प्रकरण

भजन गाणाऱ्या बुवांच्या आवाजाची त्यांच्या घरात एकच खूण उरली होती. १९८९ च्या आषाढीला घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली एक कॅसेट. सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या घराची डागडुजी होताना ती कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना. राहिलं ते नुसतं कव्हर, त्यावर पेनाने लिहिलेली तारीख आणि कोपऱ्यात छापलेला ६० चा आकडा. मात्र हरवण्याआधी थोरल्या मुलाने तिची एक बाजू कुणाकडून तरी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. ती फाइल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह कित्येक वर्षं देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये.

बुवांच्या वर्षश्राद्धाला तीन आठवडे राहिले तेव्हा नातवाने तो लॅपटॉपला लावला. विंडोजने विचारलं, ड्राइव्हमध्ये गडबड दिसतेय, दुरुस्त करू का? याने होय म्हटलं. दुरुस्ती झाली आणि फाइलचं नाव गेलं. तिच्या जागी आली एक बेवारशी फाइल, नावापुढे चार शून्यं आणि शेवटी 'सीएचके'. कुठलाही प्लेअर ती उघडेना. मग तो आमच्या स्टुडिओत आला. स्टुडिओ म्हणजे काय, लग्नाचे व्हिडिओ आणि अधूनमधून कुणाच्या जुन्या कॅसेटी उतरवून देणं. पण असलं काही आलं की मला लग्नाचे व्हिडिओ सुचत नाहीत.

फाइल मोजली. सुमारे ३४ कोटी ९४ लाख बाइट. म्हणजे माल होता.

हरवलं काय होतं

फाइल वेव्ह प्रकारची असणार हे आकारावरून कळत होतं. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने आणलेला हा प्रकार अगदी साधा आहे. आधी ४४ बाइटांचं हेडर, आणि त्यानंतर शेवटपर्यंत आकडेच आकडे. मायक्रोफोनमधून किंवा टेपमधून येणारा विजेचा दाब दर सेकंदाला हजारो वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजमाप एक पूर्णांक म्हणून लिहून ठेवायचं. १६ बिटांत लिहिलं तर त्या आकड्याला ६५,५३६ पायऱ्या मिळतात. स्टिरिओ असेल तर डावा, उजवा, डावा, उजवा असे आकडे आळीपाळीने येतात. बस्स, एवढंच. त्यात सूर नाही, ताल नाही, बुवा नाहीत.

हे मोजणं किती वेळा करायचं, याचं उत्तर नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या कामात आणि शॅनन यांच्या १९४९ च्या लेखात आहे. जी सगळ्यात वरची कंपनं पकडायची असतील त्यांच्या दुपटीहून जास्त वेळा. माणसाच्या कानाची हद्द साधारण २०,००० हर्ट्झ, म्हणून ४०,००० च्या वरचा आकडा हवा. तिथे दोन आकडे रूढ झाले. सीडीचा ४४,१०० आणि व्हिडिओवाल्यांचा ४८,०००. ४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला म्हणाल, तर सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. अमेरिकी पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं), प्रत्येकात वापरता येणाऱ्या २४५ ओळी आणि ओळीला ३ मोजमापं. गुणाकार करून बघा. आपल्याकडच्या ५० फील्डच्या पद्धतीत २९४ ओळी घेतल्या तरी उत्तर तेच येतं, म्हणून तो आकडा दोन्हीकडे चालला.

आता या फाइलचं. पेनड्राइव्हवर जागा ४,०९६ बाइटांच्या तुकड्यांनी वाटलेली होती आणि नेमका पहिला तुकडा गेला होता. त्यात ४४ बाइट हेडरचे, बाकीचे ४,०५२ आवाजाचे. आवाज किती गेला? सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग. टाळ उचलायच्या आतला वेळ. तो गेल्याचं कुणाला कळणारही नाही. पण ४४ बाइट गेल्यामुळे बाकीचे ३४ कोटी अनाथ झाले. एका सेकंदात किती आकडे वाचायचे, एक आकडा किती बाइटांचा, वाट एक (मोनो) की दोन (स्टिरिओ), हे सगळं त्या ४४ मध्येच लिहिलेलं असतं. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती आकडे, तो तर पंचविसाव्या ते अठ्ठाविसाव्या बाइटात. चार बाइट.

(गंमत अशी की कुणी आळस करून एमपीथ्री केली असती तर हा प्रसंगच आला नसता. एमपीथ्रीत दर छोट्या तुकड्याच्या डोक्यावर स्वतःचं हेडर असतं. पहिला तुकडा गेला तरी दुसरा सांगतो, मी कोण. १२८ केबीपीएसला फाइलही बारावा हिस्सा झाली असती. मी आयुष्यभर लोकांना 'वेव्हच ठेवा' म्हणत आलोय. अजूनही म्हणतो, पण जरा खालच्या आवाजात.)

जवळपास बरोबर

ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेडर नसलेली फाइल कच्च्या आकड्यांसारखी आत घेता येते. फक्त हेडरने सांगायच्या गोष्टी आपण सांगायच्या. म्हणजे अंदाज करायचा.

नातवाने घरी हा उद्योग आधीच केलेला होता. पहिल्यांदा ८ बिट निवडलं, तर पत्र्यावर पाऊस पडावा तशी सरसर आणि तिच्याखाली बुडालेलं काहीतरी. मग १६ बिट, पण मोनो. आवाज आला, ६६ मिनिटांचा आणि पाताळातून आल्यासारखा. डाव्या-उजव्याचे आकडे एकाच रांगेत वाचल्यामुळे प्रत्येक मोजमाप दोनदा येत होतं, काळ दुप्पट ताणला गेला होता. आजी ऐकून उठून गेल्या म्हणे. मग त्याने स्टिरिओ निवडलं, सॅम्पल रेट होता तोच ठेवला, ४४,१००. आणि बुवा गायला लागले. घरात सगळे रडले. मीही ऐकलं तेव्हा म्हटलं, झालं काम, आता थोडी सरसर कमी करतो आणि देतो.

माझी चूक इथे झाली. सरसर ऐकून कुणी ती फाइल खरी मानत नाही. पाताळातला आवाजही कुणी मानत नाही. जवळपास बरोबर असलेला आवाज मात्र सगळे मानतात.

मानला नाही तो एका माणसाने. बुवांना पंचवीस वर्षं पेटीची साथ केलेले काका. नातू त्यांना मुद्दाम ऐकवायला घेऊन आला होता. काका डोळे मिटून दोन मिनिटं ऐकत राहिले, मग म्हणाले, "हे बुवा नव्हंत."

"असं काय करताय ओ काका, आवाज तर त्यांचाच आहे की."

"आवाज त्यांचा. पट्टी त्यांची नाही. बुवा काळी चारच्या खाली कधी उतरले नाहीत. खोकला असला तरी नाही." काळी चार म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी, बुवांचा सा तिथला. त्यांनी पेटी मागवली. आमच्याकडे पेटी कुठली, मी मोबाइलवर पेटीचं ॲप लावून दिलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण बोटं फिरवली. काळी तीन, मग पांढरी पाच, परत काळी तीन. "बघा. दोन्हींच्या मधे पडायलंय. ह्या सुराला पेटीवर जागाच नाही. अशा पट्टीत माणूस गाईल, पण मी साथ कशी केली असती? आणि मागे पेटी वाजायलीय ती कुणाची, माझीच ना?"

हा मुद्दा बिनतोड होता. पेटी सुराच्या मधल्या जागेत बसू शकत नाही. म्हणजे गाणारा उतरलेला नव्हता, सगळंच उतरलेलं होतं, पखवाजासकट.

टेप की आकडे

सगळंच उतरायला कारणं दोन. एक, टेप. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने पळायला हवी, पण घरगुती रेकॉर्डर इतके शिस्तीचे कुठले? भरताना यंत्र जोरात पळालं किंवा उतरवताना हळू पळालं की आवाज उतरतो. दुसरं, सॅम्पल रेट. ४८,००० ने मोजलेले आकडे ४४,१०० ने वाचले तर दर सेकंदाला ३,९०० आकडे मागे राहतात. आवाज ०.९१८७५ पट होतो, म्हणजे जवळजवळ दीड अर्धस्वर खाली, पेटीच्या भाषेत दीड पट्टी. काळी चारच्या एक पट्टी खाली पांढरी पाच आणि दोन खाली काळी तीन. दीड म्हणजे बरोबर मध्ये. काकांचं बोट जिथे अडलं तिथेच.

हिशेब इतका चपखल बसला की मी लगेच ४८,००० टाकून मोकळा होणार होतो. पण एकदा 'जवळपास'ने तोंडावर पाडलेलं होतं. म्हटलं, स्वतंत्र पुरावा शोधू.

पहिला पुरावा लांबीचा. ४४,१०० ने फाइल ३३ मिनिटं १ सेकंद भरत होती. कव्हरवर ६० छापलेलं, म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं. कंपन्या फीत थोडी जास्त देतात, अर्धा-एक मिनिट. तीन मिनिटं कुणी देत नाही. ४८,००० ने तीच फाइल ३० मिनिटं २० सेकंद होते. पण हाही पुरावा टेपवरच्या संशयाला पुरता मारत नाही, कारण उतरवणारा प्लेअर हळू असता तरी लांबी वाढलीच असती.

दुसरा पुरावा सापडला आणि मला खरंच उठून चहा प्यावासा वाटला. ज्याने कॅसेट उतरवली त्याने आधी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड दाबलं होतं आणि मग प्लेअरवर प्ले. मधे सहा सेकंदांची शांतता. टेप अजून फिरायला लागलेलीच नाही. पण ती शांतता कोरी नव्हती, त्यात हलकी घुंघुं होती, घरच्या विजेची. आपली वीज ५० हर्ट्झची, वायरींमधून ती आवाजात शिरते आणि सोबत १०० आणि १५० चे सूरही आणते. टेप थांबलेली असताना आलेल्या या घुंघुंशी टेपच्या वेगाचा काडीचा संबंध नाही. ती खोटी निघाली तर दोष आकड्यांच्या वाचनाचा, टेपचा नव्हे.

सहा सेकंद निवडले, स्पेक्ट्रम काढला, म्हणजे कुठल्या हर्ट्झचा जोर किती याचा आलेख. टेकड्या तीन. ४५.९, ९१.९, १३७.८.

देशाची ग्रीड ४६ हर्ट्झवर चालत नाही, तिथवर पोचायच्या आत सगळीकडे अंधार होतो. ४५.९ ला ०.९१८७५ ने भागलं की ५० येतात. विषय संपला.

फाइल पुन्हा आत घेतली, १६ बिट, स्टिरिओ, ४८,०००. काकांनी ॲपवर काळी चार धरली आणि पाच-सात सेकंद काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हं. किंचित चढं आहे."

"दुरुस्त करू?"

"नको. ती पेटीच चढी होती."

पेटी चढी होती की टेप थोडी पळाली होती, हे या फाइलवरून कधीच सांगता येणार नाही. मी हात लावला नाही. नवं हेडर लावून फाइल जतन केली आणि नावातच ४८०००, १६, स्टिरिओ असं लिहून टाकलं. शेवटच्या अभंगाच्या मागे कुठेतरी दूर गिरणीचा भोंगा वाजतो. बुवा त्याच गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाला, होते. भोंग्याची पट्टी मात्र कुणी तपासली नाही.

तीच चूक, कापडावर

खरं तर प्रकरण इथे मिटलं होतं. पण नातवाला बुवांचा चेहरा विणून भिंतीवर लावायचा होता, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्याचं काम अडलं होतं. "दादा, तुम्ही एकदा चला, तो डिझायनर फोटोच बिघडवून ठेवायलाय."

सोलापुरात जकार्ड समजावून सांगणं म्हणजे पंढरपुरात विठोबा दाखवणं, तरी दोन वाक्यं. उभा ताणा, आडवा बाणा. बाण्याचा प्रत्येक धागा जाताना ताण्याच्या कुठल्या धाग्यांनी वर उचलायचं आणि कुठल्यांनी खाली राहायचं हे जकार्ड ठरवतं. धागा उचलणाऱ्या प्रत्येक हुकाला एकच प्रश्न, वर की खाली. जकार यांनी फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास हे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर आणलं. त्यांचंच एक रेशमी चित्र १८३९ मध्ये सुमारे २४,००० कार्डं लावून विणलं गेलं, आणि गणनयंत्राची स्वप्नं बघणाऱ्या बॅबेज यांनी त्याची प्रत घरी जपून ठेवली होती. आता पुठ्ठे गेले, फाइल आली. प्रश्न तोच आहे.

पहिला नमुना आधीच विणून झाला होता आणि त्यात बुवांच्या गालावर चौकडा उठला होता, चादरीसारखा. कारण सोपं होतं. नातवाने जुन्या फोटोचा मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेला. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि जेपेगने आणखी दाबतं. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारीक तपशील टाकून देतं. पडद्यावर ते खपून जातं. पण त्या चित्रात चेहऱ्याला रुंदीत ४०० च पिक्सेल आले होते, ते ताणून १,२०० धाग्यांवर बसवले. आठाचा चौकोन चोवीस धाग्यांचा झाला, इंचाला ६० धाग्यांच्या कापडावर तो सेंटिमीटरभर रुंद दिसतो. त्यात फोटोत करड्याच्या २५६ छटा असतात, तर आठ धाग्यांच्या सॅटिन विणीत काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण बदलून छटा मिळतात सात. दोन शेजारी चौकोनांतला अगदी बारीक फरकही मग एका अख्ख्या पायरीचा होतो.

मूळ फोटो दोन इंच रुंद, अडीच इंच उंच. आम्ही तो ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल घेऊन, स्कॅन केला. १,२०० गुणिले १,५०० पिक्सेल. रंगीत स्कॅनचे ५४ लाख बाइट, न दाबता पाठवले. गालाचा चौकडा गेला.

आणि मग नातवाची खरी तक्रार. डिझायनरच्या पडद्यावर बुवा चपटे दिसत होते. गाल फुगलेले, कपाळ दाबलेलं. "बघा, बिघडवलंय की नाही?"

डिझायनर मूळचा तेलुगू घरातला, तिसरी पिढी मागावर. तो शांतपणे म्हणाला, "सार, हे पडद्यावर बघायचं नाही. माझं रीड साठ आहे, पीक चाळीस आहे."

मला हसू आलं, कारण हे मी आठवडाभरापूर्वीच शिकलो होतो. पडद्यावर पिक्सेल चौकोनी असतो. या कापडावर आडव्या इंचात ६० धागे, ते रीड, आणि उभ्या इंचात ४०, ते पीक. पिक्सेलला एक धागा देत १,२०० बाय १,५०० तसंच विणलं असतं तर रुंदी २० इंच झाली असती आणि उंची साडेसदतीस, हवी होती पंचवीस. बुवांचं तोंड दीडपट लांब. म्हणून त्याने १,५०० ओळींच्या १,००० केल्या. पडद्याला ते चपटं वाटतं, कारण पडदा रीड-पीक विचारत नाही, सगळं साठ बाय साठच धरतो. ऑडॅसिटीने ४४,१०० धरलं तसंच. डिझायनरला हे सॅम्पल रेट वगैरे मी सांगू लागलो तर म्हणाला, "पीक न विचारता कुणी कापड विणतं का?"

नातवाचा विश्वास बसेना. मग डिझायनरने पडद्यावरच ते चित्र उभं ताणून दाखवलं, दीडपट. बुवा दिसले. तेव्हा कुठे कार्ड, म्हणजे फाइल, मागावर गेली.

वर्षश्राद्धाला मी गेलो होतो. भिंतीवर बुवा, खाली पेटी, स्पीकरवर काळी चार, किंचित चढी. जेवणं झाली. रात्री अकराला नातवाचा फोन. भिंतीचा फोटो काढून त्याने सगळ्या नातेवाइकांना व्हॉट्सॲप केला होता.

"दादा, कापडावर लाटा उठल्यात ओ. पाण्यासारख्या. छातीपास्नं कपाळापर्यंत. मघाशी नव्हत्या."

"फोटो मोठा करून बघ."

"केला. मोठा केला की जायलाल्यात. लहान केला की परत."

"मग भिंतीजवळ जाऊन कापड बघ."

पावलांचा आवाज आला, दिवा लावल्याचा आला. "इथं नाहीत."

"साठ धागे आणि तुझ्या फोनचे पिक्सेल एकमेकांत मोजले जातायत. इंचाला साठ धागे पकडायचे तर इंचाला एकशेवीसच्या वर पिक्सेल हवेत. कापडाला काही झालं नाही. झोप."

"पुण्याच्या काकूंनी विचारलंय, कापड भिजलं का म्हणून. त्यांना काय सांगू?"

"फोटो जवळून काढून पाठव. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव, फोटो म्हणून नको."